माझे उपास तिने घेतले

ऑपरेशन झालं आणि माझी भूक गेली. मळमळ नव्हती, अन्नाचा वीटही नव्हता. समोर वाटी आली तर खावीशी वाटायची नाही आणि बाजूला सारावीशीही वाटायची नाही. वेळ झाली की खायचं, तोंड पुसायचं, वाटी विसळून पालथी घालायची. मासा तळल्याचा वास आला की पूर्वी मी हातातलं काम टाकून चुलीकडे वळायची. आता तो वास नाकात शिरायचा आणि तसाच बाहेर जायचा. भुकेबरोबर आणखीही बरंच काही गेलं होतं. मी मूळची तापट बाई, पण राग येईनासा झाला होता. कोणी बरं बोललं तर बरं वाटत नव्हतं, वाकडं बोललं तर लागत नव्हतं. त्या पावसाळ्यात मी वाटीत बघून जेवत होते आणि माझ्यासमोर बसून माझी चौथीतली मुलगी वाळत चालली होती. ते मला दिसत होतं. दिसून काही होत नव्हतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीबाहेर मिरजोळ्याला सरकारी औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात माझा नवरा मशीनवर होता. आमची वाडी तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. घरात आम्ही चौघं: नवरा, सासूबाई, मुलगी आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. भाताची थोडी खाचरं, परसात आंब्याची कलमं, एक गाय आणि कोंबड्या, असा संसार. उपाशी मरावं असं घर ते नव्हतं.

मी अंगाने दांडगी. माहेरच्या सगळ्या बायका तशाच, आत्या तर दारातून आडव्या होऊन शिरायच्या. वाडीत मला पाठीमागे 'जाडी वयनी' म्हणत आणि मला ते ठाऊक होतं. भाताचा भारा मी एकटी डोक्यावर घ्यायची, तेव्हा मात्र कोणी काही म्हणत नसे.

घरची रीत अशी की घरचा पुरुष जेवल्याशिवाय बाईने जेवायचं नाही. नवऱ्याची पहिली पाळी तीनला सुटायची. तो यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा. मग सासूबाई, मग मी. सकाळी गुळाचा कोरा चहा, मध्ये भूक लागली की पुन्हा कोरा चहा, त्याने डोकं चढलं की दुकानातली गोळी. त्यात सोमवार, शनिवार, संकष्टी आणि घरचं नवरात्र. मुलगी शाळेतून आली की तिला मी वाढून द्यायची, लहान मुलांना ही रीत नव्हती. माझं ताट चारच्या पुढे मांडलं जायचं. तेव्हा मग भाताचा ढीग, वर आमटी, आणि तिथेच भिंतीला टेकून डुलकी. बघणाऱ्याला तो ढीग दिसायचा. त्याआधीचा दिवस कोणी बघितलेला नसायचा.

चैत्रात एका सकाळी गोठ्यात शेण काढताना मला रक्ताची उलटी झाली. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून मला मुंबईला पाठवलं. दीर तिकडे नोकरीला होता, त्याने एका मोठ्या इस्पितळात दाखल केलं. अल्सर निघाला. पोटाची पिशवी अर्ध्याहून जास्त कापून काढली.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवलं. मी कधी जेवते, काय जेवते, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही उपाशी राहून राहून पोट जाळून घेतलंत." नवरा खाली फरशीकडे बघत होता. पुढे कित्येक वर्षांनी ऐकलं की हा आजार जंतूंमुळेही होतो म्हणे. असेल. पण तेव्हा आम्हाला जे सांगितलं ते हे, आणि माझ्या पोटाला ते पटलं होतं.

ते वाक्य आम्ही मुंबईतच ठेवून आलो. ठरवून नव्हे. गावी जाऊन सासूबाईंना काय सांगणार होतो? तुमच्या घरच्या रीतीने सुनेचं पोट कापायला लावलं, असं? नवरा बोलला नाही, मीही बोलले नाही. आम्ही फक्त पथ्य घरी आणलं.

पथ्य असं: दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायचं. आधी अंडं, मासा, डाळ असलं ताकदीचं, मग उरलेल्या जागेत भात. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतर थोड्या वेळाने घोट घोट. रिकाम्या पोटी गोड बिलकूल नाही. तिखट, आंबट आणि कोरा चहा बंद. जेवल्यावर जरा आडवं व्हायचं. आणि उपास कायमचे बंद.

सासूबाईंनी हे सगळं ओट्यावर बसून ऐकलं. सून सकाळी आठाला खाणार, दहाला खाणार, नवरा कारखान्यात असताना खाणार, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी खाणार. त्या उठून आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या भांड्यांचा आवाज मोठा होता.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे इथेच सांगून टाकते. मुलगी झाली तेव्हा त्यांनी माझी बाळंतपणाची सगळी सेवा केली होती. आताही त्यांनी मागच्या पडवीत मला वेगळी चूल मांडून दिली. श्रावणापासून गणपती जाईपर्यंत आमच्या चुलीवर अंडं-मासा चढत नसे, आणि मला तर रोज हवं होतं. म्हणून ती चूल. मुलगी शाळेतून आली की आपलं ताट घेऊन माझ्याजवळ पडवीत बसायची. आमच्याच कोंबड्यांची अंडी, मऊ भात, मुगाचं वरण, मिरची-आमसूल न घातलेली कुळथाची पातळ पिठी, दुधातली नाचणी. पावसात समुद्र बंद, ताजा मासा नाही, सुका मासा खारट म्हणून चालायचा नाही. नारळी पौर्णिमेनंतर मुडदुशे यायला लागले. मुडदुसा हा आमच्याकडे बाळंतिणीचा आणि आजाऱ्याचा मासा, मऊ आणि पचायला हलका. नवरा पाळी सुटल्यावर बाजारातून वाट वाकडी करून आणायचा, केळीच्या पानात बांधून. मी तो हळद-मीठ लावून शिजवायची आणि खायची. चव लागत होती. आवड लागत नव्हती.

काय झेपतं आणि काय नाही, ते माझं मीच चुकत चुकत शिकले. तांदळाची भाकरी कितीही चावली तरी छातीत बसायची, तीच दुधात भिजवली तर उतरायची. फणसाचा एक गरा खाल्ला तर अंगाला दरदरून घाम सुटला. आंबील चालायची, पण ताक ताजं असलं तर. पेजेने पोट भरायचं आणि ताकद काही यायची नाही, म्हणून पेज बंद केली. भातही नंतर. आमच्याकडे भात नंतर म्हणजे काय ते कोणाला सांगून कळणारं नव्हतं. वाडीतली एक बाई ताटात आधी अंडं बघून म्हणाली, आता हिचं सगळंच उलटं झालं.

अंग झरझर उतरलं. पोलक्याच्या शिवणी आत घेऊन घेऊन कापड जाड झालं. हिरव्या बांगड्या हात खाली केला की गळून पडायच्या आणि सासूबाई पांढऱ्या फटक व्हायच्या, कारण सवाष्णीच्या हातातून बांगडी अशी पडू नये. मग बांगडीवाली येऊन लहान मापाच्या भरून गेली. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, केवढी होतीस गो. मी म्हटलं, हो, होते.

बघायला येणारी माणसं काही ना काही खायचं आणायची. बिस्किटं, पेढे, डाळिंब. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि ह्या आजाऱ्याला खाऊ घालता येत नाही, ह्या कात्रीत ती बिचारी सापडायची. मग खाऊ मुलीच्या हातात द्यायची आणि विचारायची, झालं तरी काय होतं? सासूबाईंना उत्तर द्यावं लागायचं. मी आत पडून असायची. पहिल्यांदा त्या काय म्हणाल्या ते मला अजून ऐकू येतं. "खाऊन खाऊन पोट फाडून घेतलंन. मंग डाक्टरान कापलान." लोकांना ते लगेच पटायचं. माझं अंग सगळ्यांनी बघितलेलं होतं. पुढच्या माणसांना त्यांनी तेच सांगितलं, आणि त्यापुढच्यांनाही. सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असेल.

मी उठून बाहेर जाऊन सांगायला हवं होतं की नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही. मी छताच्या वाशांकडे बघत होते. कोणी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतंय असं वाटायचं. मुलगी बाहेर आजीच्या मांडीला टेकून पेढ्याचा कागद सोलत बसलेली असायची.

श्रावण लागला तसा उपासांचा प्रश्न आला. माझे सोमवार-शनिवार बंद झाले ते सासूबाईंनी कसेबसे गिळले. पण घरचं नवरात्र त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आलेलं. त्या स्वतःही धरायच्याच, तरी पुढची कोणी धरणारी हवी. धरलेलं व्रत मध्येच सोडलं तर घराला लागतं असं त्या मानत. पण त्याला वाट होती. आमच्याकडे एकीला जमेनासं झालं की तिचे उपास घरातली दुसरी बाई आपल्याकडे घेते. देवापुढे नारळ ठेवायचा, आजपासून हिचे मी करते असं म्हणायचं, झालं. एरवी हे सासूकडून सुनेकडे जातं. दिराचं लग्न व्हायचं होतं, आमच्या घरात दुसरी सून नव्हती.

"आयेचे उपास मी करतंय," मुलगी म्हणाली.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नारळ आणला, देवापुढे ठेवला. नवरा म्हणाला, लहान आहे गो ती. सासूबाई म्हणाल्या, आठव्या वर्षी मी धरले होते, मेले नाही. मला विचारलं. मी म्हटलं, तिची हौस असेल तर करू दे. माझ्या आवाजात काय होतं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नसावं.

सोमवार सुरू झाले, शनिवार सुरू झाले. आमचे उपास म्हणजे वरीचा भात, दाण्याची आमटी, रताळं, केळं. पोरं असल्या उपासाला टपलेली असतात. आमची मात्र अर्धं केळं खाऊन उठायची. उपास नसेल त्या दिवशीही ती माझ्यासारखीच घास चावत बसायची, किती वेळ तरी. ताटात उरलेलं कोंबड्यांना टाकायची. डबा शाळेतून भरलेला परत यायचा, तो सासूबाई गायीला घालायच्या आणि म्हणायच्या, पोरीचं मन देवात आहे. वाडीत कौतुक पसरलं. बायका पोरीला बघायला यायच्या, आपल्या पोरींना सांगायच्या, बघा, नाहीतर तुम्ही. लहान वयात असा नेम धरणारं लेकरू घरात असणं म्हणजे घराचं भाग्य. माझ्या आजाराने घरावर जो एक डाग आला होता तो सासूबाईंच्या मते पोरीने धुऊन काढला.

नवरा एकदा म्हणाला, तिच्या बरगड्या दिसायला लागल्यात. सासूबाई म्हणाल्या, वाढीचं अंग आहे, उंची धरतेय. तो माझ्याकडे बघत राहिला. मी माझं अंडं सोलत होते.

गणपतीत माझ्याकडून एक चूक झाली. घरात उकडीचे मोदक झाले आणि सासूबाईंनी देवाचा प्रसाद म्हणून एक माझ्या हातावर ठेवला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? खाल्ला. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घामाने पोलकं चिंब झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला माजघरात आडवी केली. दारात मुलगी उभी होती, हातात तिचा मोदक, टोकाला चावा घेतलेला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंडातला घासही हातात काढला आणि मोदकासकट मागच्या दारी नेऊन टाकला. ते मी पडल्या पडल्या बघितलं आणि डोळे मिटले.

नवरात्र बसलं. घट मांडला, रोज एक माळ चढत होती. मुलीने मोठ्या बाईसारखा उपास धरला, दिवसातून एकदा काय ते खायचं. सासूबाई स्वतःही उपाशी, पण पोरीच्या कौतुकात त्यांना त्याचं भान नव्हतं. मधल्याच एका माळेला, दुपारी, शाळेतल्या बाई मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. कवायतीत उभ्याउभ्या पडली होती. बाई पायरीवरच थांबल्या. त्यांनी एवढंच सांगितलं की ही आज पडली, पण डबा तर जूनपासूनच उघडत नाही, आणि उघड म्हटलं की रडते. सासूबाईंनी नवरात्राचं सांगितलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, नवरात्र आत्ता बसलं. आणि पाणी पिऊन गेल्या.

मुलीला माजघरात चटईवर निजवलं. मी उशाशी बसले. सासूबाई देवापाशी संध्याकाळची माळ ओवत बसल्या होत्या, चार हातांवर. मी मुलीला विचारलं, डबा का खात नाहीस? ती भिंतीकडे वळली. मी पुन्हा विचारलं. कित्येक महिन्यांत मी तिला एकच गोष्ट दोनदा विचारली नव्हती, तेही तिला नवलाचं वाटलं असावं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मी खाल्लं तर माजं पन पोट कापतील."

माझ्या छातीत कळ आली. खरी कळ, हात छातीवर जावा अशी. ऑपरेशनची जखम भरल्यापासून माझ्या अंगाला कुठे दुखलं असेल तर ते तेव्हा. पोरीने उपास देवीसाठी घेतलेच नव्हते. न खाण्याला ह्या घरात एक मानाची जागा होती, ती तिने शोधली होती, आणि आम्ही सगळ्यांनी तिथे तिला ओवाळलं होतं.

मी तिला सांगितलं, तसं नसतं, मला पोटात फोड झाला होता. तिने ऐकून घेतलं, पण तिला पटलं नाही. ती म्हणाली, आजी सगळ्यांना सांगते तू खाऊन खाऊन पोट फाडलंस म्हणून. मोदक खाल्लास तेव्हापण तुला झालं. ती हे अगदी शांतपणे सांगत होती, एकेक गोष्ट मांडून. आणि मला कळलं की मी कितीही जवळ घेतलं, अंगाई म्हटली, फोडाचं चित्र काढून दाखवलं, तरी ह्या पोरीच्या घशाखाली घास उतरणार नाही. तिला खरं सांगावं लागणार होतं, आणि ते खरं चार हातांवर बसून फुलं ओवत होतं.

तेवढ्यात नवरा पाळीवरून आला. मुलगी आडवी बघून डबा हातात तसाच धरून दारात थांबला. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टर काय म्हणाले ते आज सांगते. मी खाऊन नाही पोट फाडलं. उपाशी राहून जाळलं."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं. तो खोटं बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याने डबा खाली ठेवला.

"व्हय आये," तो म्हणाला. "तसंच म्हणाला तो."

मग मी बोलत गेले. आवाज चढला, मला माझाच आवाज ऐकून बरं वाटलं. तीन वाजेपर्यंत, चार वाजेपर्यंत वाट बघणं, त्यावर कोरा चहा, त्यावर डोक्याच्या गोळ्या, त्यावर सोमवार आणि शनिवार. ते सगळं मी मुलीला सांगत होते, पण कोणाला ऐकू जावं म्हणून सांगत होते ते घरातल्या सगळ्यांना समजत होतं. सासूबाईंनी माळ परडीत ठेवली आणि उठून मागच्या पडवीत निघून गेल्या. नवरा त्यांच्या मागे गेला नाही.

मुलगी उठून बसली होती. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "मंग तू जाडी कशी व्हतीस?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, दिवसभराची भूक चार वाजता एकदम खायची आणि झोपायची, म्हणून. तिने तेही तपासून बघितलं. मग म्हणाली, म्हणजे आत्ता जेवलं तर चालेल?

मी चुलीकडे गेले. नवऱ्यासाठी भात-आमटी झाकून ठेवलेली होती. तो अजून आंघोळीला गेला नव्हता, हात कारखान्याच्या तेलाने काळे. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, वाढ तिला. त्याच्या वाट्याचा भात त्याच्या आधी मी पोरीला वाढला, वर आमटी घातली, समोर घट बसलेला असताना. ती पहिला घास खूप वेळ चावत राहिली. मी म्हटलं, एवढं नको चावूस, तुझं पोट सगळं आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि गिळला. मग दुसरा घेतला. अर्धं ताट झाल्यावर तिने मिठाची कणी मागितली. मी ती कणी देताना रडले. तिला वाटलं आमटी तिखट आहे म्हणून मी रडते, ती म्हणाली, तिखट नाय गो.

नवरा विहिरीवर आंघोळीला गेला. मी मागच्या पडवीत गेले. सासूबाई माझ्या चुलीपाशी बसल्या होत्या, पाठ खांबाला, पदर तोंडावर. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मला भांडायचं होतं. इतक्या महिन्यांचा राग साचलेला होता, तो आता एकदम हाताशी आला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पदर खाली केला. रडलेल्या नव्हत्या.

"माज्यापन पोटात जळतं गो," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. विचारलं, कधीपासून? त्यांनी विहिरीकडे बघितलं, तिथे त्यांचा मुलगा अंगावर पाणी ओतून घेत होता. म्हणाल्या, ह्यो पोटात व्हता तवापासनं. सासरे दोन गावं पलीकडे खाणीवर जायचे, दिवेलागणीला परत यायचे. तोपर्यंत त्या चूल सांभाळत बसायच्या. पोटात पोर असतानाही. जळायला लागलं की थंड पाणी प्यायच्या, कोणाला सांगायचं? बाईमाणसाचं पोट जळतंच असं त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं एवढंच, कारण मी कधी विचारलं नाही. आणि सासरे जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं जेवण दुपार टळल्याशिवाय होत नव्हतं. आधी सासऱ्यांची वाट बघितली, मग मुलाची.

माझा राग तिथेच होता, पण तो कोणावर काढायचा ते समजेना. आत मुलगी भात संपवून ताट चाटत होती, तो आवाज येत होता. मग सासूबाईंनी चुलीवरच्या माझ्या लहान पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं. मला स्वयंपाक शिकवलेली बाई ती, माझ्या आमटीत मीठ किती पडलं ते वासावरून सांगायची.

"ह्यो मऊ भात कसा करतंस तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाणी जास्त घालायचं, मीठ कमी घालायचं, आणि शिजला की कोणाची वाट बघायची नाही.